काठाचा तुकडा

सुताच्या खळीचा वास आला की माझे पाय अजून धावायला बघतात. सोलापुरात विणकरांच्या पेठेत आमची मुलींची शाळा होती. तेव्हा आठव्या-नवव्या वर्षी मुलींची लग्नं उरकत, म्हणून आमच्या बाईंचा नियम कडक होता: शाळा चालू असताना मुलीला न्यायचं तर तिच्या घरच्या मागावर विणलेल्या काठाचा तुकडा दाखवायचा. त्याचा जोड बाईंच्या पेटीत असे. एका दुपारी माझ्या मैत्रिणीचा लांबचा काका आला. "हिची आई लई आजारी हाय," म्हणत त्यानं तुकडा दिला. लाल काठ, पिवळी कड. पेटीतला जोड काढायच्या आधीच बाईंनी मानही डोलावली. तेवढ्यात मैत्रीण ओरडली, "बाई, ह्यो आमचा न्हाय! आमच्या कडंला दोन पिवळे धागे असत्यात, हितं तीन हायत की!" बाईंनी तिला मागं ओढून दार लावलं आणि मागच्या दारानं मला पिटाळलं, "पळ, हिच्या आईला घेऊन ये!" मी अनवाणी सुसाट सुटले. तिची आई धडधाकट, सुताला खळ लावत होती. तशाच चिकट हातांनी माझ्यासोबत धावली. काका तोवर पसार झाला होता. पोरीचं परगावी गुपचूप लग्न लावायचा त्याचा बेत होता, हे मागून कळलं. आईनं रडतच हात पुढे केले, तर बाई म्हणाल्या, "तुकडा?" तो घरीच राहिला होता. मी पुन्हा धावले! आता मीही शाळेत शिकवते. ओळख पटेपर्यंत दाराशी खोळंबलेले बाप मला खडूस म्हणतात तेव्हा मला उंबऱ्याबाहेर थांबलेली ती आई दिसते, रडता रडता हसून म्हणणारी, "हितनं माझी पोर कुनी न्हेऊ शकत न्हाय."