ब्रेक दाबल्यावर येणारा आवाज

काल विश्रामबागेत रस्त्याकडेला एकजण गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. तापलेल्या रबराचा आणि पेट्रोलचा वास आला, आणि मला साताऱ्यातल्या गॅरेजमधली ती जुनी दुपार आठवली.

मी आणि माझी बायको शमीम तेव्हा पिकअपमध्ये गाद्या भरून पाटणच्या बाजाराला जायचो. गाडी जुनी, पेट्रोलची. ब्रेक दाबला की इंजिन बंद पडायचं. एकदा तर उतारावरच बंद पडलं. मी प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, पण फरक पडेना.

गॅरेजातले म्हातारे मिस्त्री इंजिनावर वाकले, तशी शमीम हळूच म्हणाली, "आवं चाचा, ब्रेक दाबला की फुस्स आवाज येतो. मी यांना लय दिवस सांगते."

"तिला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

मिस्त्रींनी मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. इंजिन धडपडू लागलं. त्यांनी इंजिनाकडून ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याकडं जाणारी रबरी नळी चिमटीत दाबली, तसं ते सुरळीत चालू लागलं.

"डब्यातला रबरी पडदा फाटलाय. तिथनं हवा ओढतंय, म्हणून बंद पडतंय. ती बरोबर सांगत हुती, तुमी ऐकलं न्हाई."

मिस्त्रींनी डबा बदलून दिला. परतताना पहिल्या उतारावर मी ब्रेक लावला, तेव्हा शमीमनं माझा दंड घट्ट धरला. गाडी चालूच राहिली, तसा सोडला.

इतके दिवस ती भीत होती आणि तरी रोज माझ्या शेजारी बसत होती, हे मला तेव्हा उमगलंच नाही. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. उमगलं ते सांगायचं कुणाला?