खाऱ्या विहिरीचं मीठ

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडून बसलो होतो आणि वंदनानं भाकरी मोडता मोडता सांगितलं की माहेरच्या शेतातली विहीर येत्या सोमवारी बुजवणार आहेत. वंदना अकोल्यात माझ्याच शाळेत मराठी शिकवते, मी विज्ञान. विहीर बुजवणं ही काही डबा सोडून ऐकावी अशी बातमी नव्हे. पण पुढचं वाक्य तिनं अगदी सहज टाकलं, की आबा सांगतात, पूर्वी त्या विहिरीच्या पाण्याचं मीठ करायचे. माझा घास हातातच राहिला.

मी मूळची धामणगाव रेल्वेची. वडील भिक्षुकी करायचे आणि घर मालधक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. मीठ म्हणजे समुद्रावरून रेल्वेच्या डब्यात भरून येणारी ओलसर पोती, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. वऱ्हाडात कुठला आलाय समुद्र? खारपाणपट्टा माहीत होता, म्हणजे पूर्णेच्या दोन्ही अंगांचा तो मुलूख, जिथं जमिनीखालचं पाणी खारं लागतं. पण त्या पाण्याचं मीठ करून लोक विकत होते, हे पंचवीस वर्षं विज्ञान शिकवूनही मला ठाऊक नव्हतं. स्वतःचाच राग आला. शनिवारी मी वंदनाबरोबर निघाले.

कुणाला जायचं असेल तर सांगून ठेवते. जठारपेठेतून रिक्षानं स्टँड, तिथून दर्यापूरची सकाळची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींच्या प्रवासापेक्षा दर्यापुरातला नाश्ताच महाग पडला. म्हैसांगला पूर्णेचा पूल ओलांडला की खिडकीतून नुसती काळी जमीन. हरभरा निघून गेलेला, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या. ऊन साडेआठलाच चटकत होतं, तेव्हा पाणी घरूनच न्या, आणि भरपूर न्या. दर्यापुरात स्टँडसमोर गरम आलूबोंडे आणि तळलेल्या मिरच्या खाल्ल्या, मग काळीपिवळी जीप. ड्रायव्हर बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि चौदा भरल्यावरही त्याला गाडी रिकामीच वाटते.

वाटेत वंदनानं खरी गोष्ट सांगितली. गेल्या दिवाळीत घरची कालवड त्या विहिरीत पडली. विहिरीला कठडा नाही. दोर टाकून तिला वर काढेपर्यंत तिचा जीव गेला होता. वंदनाचा धाकटा भाऊ रमेश शेती बघतो, त्यानं त्याच दिवशी ठरवलं की विहीर बुजवायची. आबा, म्हणजे वंदनाचे वडील, पंच्याऐंशीच्या घरातले, यांनी जेवण सोडलं. अखेर बापलेकांत करार झाला. सोमवारी मुरुमाच्या ट्रॉल्या येणार. त्याआधी आबांनी त्या पाण्याचं खाता येईल असं मीठ करून दाखवलं तर विहीर राहील, नाही तर बुजेल. आबांनी स्वतः कधी मीठ केलेलं नव्हतं. लहानपणी बापाला करताना पाहिलेलं, तेवढीच पुंजी.

फाट्यावर आबा स्वतः छत्री घेऊन उभे होते. धोतर, टोपी, पाठ ताठ. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "वंदी म्हणे तुमी सायन्सवाल्या हा. चांगलं झालं, आता माह्या बाजूनं एक मानूस तं झाला." शाळेत वंदना इतकी शुद्ध बोलते की मुलं तिला घाबरतात. इथं फाट्यावर उतरल्या क्षणी तिचं "कावून आले जी उन्हात", म्हणजे कशाला आलात उन्हात, सुरू झालं आणि मला ती एकदम धाकटी दिसायला लागली.

विहीर घरापासून दहा मिनिटांवर, एका जुन्या बाभळीच्या बाजूला. मी वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे आले. इतकी खोल, इतकी अरुंद आणि तळापर्यंत घडीव दगडात बांधलेली. मशीन नाही, क्रेन नाही, आणि खाऱ्या पाण्याचा झरा लागेपर्यंत माणसं या मातीत खाली खाली उतरत गेली. गोडं पाणी सगळेच शोधतात. यांनी खारं शोधलं. बाजूला गवतात चुन्यानं बांधलेल्या उथळ हौदांच्या कडा अजून दिसतात. आबांनी काठीनं गवत सारून एकेक दाखवला. पाणी ओढून या हौदांत पसरायचं, उन्हानं ते दाट करायचं, मग कढईत आटवायचं. पुढं इंग्रजांनी मिठावर कर बसवला, हे असलं मीठ बंद पाडलं, आणि रेल्वे समुद्राचं मीठ घेऊन आली. म्हणजे माझ्या लहानपणीची ती पोती या हौदांच्या जागी आलेली होती. मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा समुद्रापासून एवढ्या दूर वऱ्हाडातल्या लोकांनी खाऱ्या विहिरींच्याच पाण्याचं मीठ केलं. अकोल्याजवळच्या दहीहंडा गावाचं नाव त्यासाठी आजही घेतात. आबांचे वडील बंदीच्या काळातही घरापुरतं करून घ्यायचे. मी त्या हौदाच्या काठावर बसले आणि खरंच हात जोडले.

रमेश मागे उभा होता. शांत, दणकट, चाळिशी ओलांडलेला. मी विहिरीचं कौतुक करत होते ते त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "तुमाले इतिहास वाटते मॅडम. आमच्या घरी साबनाले फेस येत नाई. माह्या मायचं अर्धं आयुष्य गोड्या पान्याच्या घागरी वाहण्यात गेलं." हे पाणी पिऊन मूत्रपिंडं बिघडलेली माणसं या भागात घरोघरी सापडतील, आणि कौतुक करणारी मी रविवारी संध्याकाळी अकोल्याला परतणार होते.

आबांनी आठवडाभर निळ्या ताडपत्रीवर विहिरीचं पाणी उन्हात पसरून दाट केलं होतं. त्यातलं अर्धं आम्ही लग्नाच्या कढईत ओतलं, पऱ्हाट्यांचा जाळ केला. आता सूत्रं मी हातात घेतली. आबा मध्ये मध्ये काही सांगू बघत होते, पण मी शिक्षिका आहे, मला मध्ये बोललेलं आवडत नाही. पाणी आटलं, कडेला पांढरं दिसू लागलं. मी म्हटलं, अजून आटवा, पार कोरडं होऊ द्या. तासाभरात कढईच्या बुडाशी राखाडी-पांढरा थर खडखडीत वाळला. वंदनानं टाळ्या वाजवल्या. आबांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला.

मीही चाखलं. कडू. साधं तुरट नव्हे, काढ्यासारखं कडू, घशात चिकटून राहणारं. रमेशनं चाखलं आणि थुंकलं. तो हसला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "पायलं ना आबा. सोमवारी ट्रॉल्या येतीन." आणि बैल सोडायला निघून गेला.

दुपारी जेवायला बसलो. सुनंदानं, रमेशच्या बायकोनं, ज्वारीची भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा वाढला. भाकरीचं पीठ इथल्या खाऱ्या पाण्यात भिजवतात, त्यात मीठ घालत नाहीत, आणि चव अशी की मी तीन खाल्ल्या. वरणाला मात्र कधीमधी येणारं नळाचं गोडं पाणी लागतं, कारण खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. आबा भाकर चिवडत बसले होते. मी त्यांची माफी मागितली, की तुम्ही मघाशी काय सांगत होता ते मी ऐकलं नाही. ते म्हणाले, काही विशेष नव्हतं, म्हातारपणी नको ते आठवतं.

मी हट्ट धरला. मग ते हळूहळू बोलले. "त्या बाभळीले टोपल्या टांगलेल्या राहत. ओल्या. मी खाली खेळाले गेलो का बाप वरडे, तिथं बसू नको, अंगावर पडन. येवढंच आठवते. टोपल्या कावून टांगत, थे काई मले मालूम नाई."

घास खाली ठेवला मी. ओल्या टोपल्या, खाली ठिबकणारं पाणी. नववीच्या वर्गाला मी दरवर्षी स्फटिक कसे तयार होतात ते शिकवते. सगळं पाणी आटवायचं नसतं! मीठ आधी खाली बसतं, कडू क्षार शेवटच्या पाण्यात राहतात. ते पाणी कोरडं होऊ दिलं की कडूपणा मिठालाच चिकटतो. जुनी माणसं मीठ ओलं असतानाच उपसून टोपलीत भरायची आणि कडू पाणी निथळू द्यायची. माझ्या फळ्यावरचा सगळा धडा त्या बाभळीवर टांगलेला होता, आणि मी तो सांगणाऱ्या माणसाला गप्प केलं होतं. मी हे सगळं भराभरा सांगितलं. आबांना क्षार वगैरे किती कळलं माहीत नाही, पण त्यांनी ताटातली भाकर संपवली आणि सुनंदाकडे टोपली मागितली.

रविवारी सकाळी उरलेलं पाणी कढईत गेलं. या वेळी मी जाळ सांभाळला आणि तोंड बंद ठेवलं. पाणी दाट होऊन तळाशी दाणे बसू लागले तसे आबा उकिडवे बसले आणि झाऱ्यानं ते उपसू लागले. झारा कढईच्या कडेला टेकवून थेंब गाळायची त्यांची लकब बघून वंदना माझ्या कानाशी म्हणाली की हे यांना कुणी शिकवलं. कुणी नव्हतं शिकवलं. ओली टोपली बाभळीला टांगली. थेंब पडायला लागले. शेवटचं पिवळट पाणी आबांनी लांब नेऊन ओतलं. आम्ही सगळे टोपलीपासून हातभर दूर बसलो, कारण खाली बसायचं नाही असा ऐंशी वर्षांपूर्वीचा हुकूम होता.

दहा वाजता आबांनी टोपली उतरवली. वर राखाडी, आत पांढरं, खडबडीत मीठ. त्यांनी आधी मला चाखायला लावलं. खारट. स्वच्छ, सरळ खारट, मागे किंचित मातीचा वास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

रमेश बांधापाशी उभा राहून बघत होता. मग तो चालत आला आणि त्यानं तळहात पुढे केला.

आमच्याकडे काय, त्यांच्याकडे काय, मीठ कुणी कुणाच्या हातावर देत नाही. जमिनीवर किंवा ताटात ठेवायचं, समोरच्यानं उचलायचं, नाही तर दोघांत भांडण होतं म्हणतात. आबांची मूठ तशीच थांबली.

"हातावर नाई देत रे. भांडन होते," ते म्हणाले.

"भांडन तं सहा मयन्यांपासून चालूच हाये," रमेश म्हणाला. "द्या."

आबांनी दिलं. रमेशनं चाखलं, बराच वेळ तोंडात ठेवलं, थुंकलं नाही. उरलेलं मीठ त्यानं रुमालाच्या कोपऱ्यात बांधलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. आबांनी टोपली परत बाभळीला टांगली.

वंदना आणि मी परतीच्या एसटीत बसलो. माझ्या पिशवीत सुनंदानं दिलेला भाजलेला हरभरा होता, आणि कागदाच्या पुडीत मूठभर मीठ, तेही तिनं माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं होतं, मी उचलून घेतलं. जाण्यायेण्याचा माझा खर्च धरून पाचशेची नोटही पुरती मोडली नाही. तुम्ही गेलात तर कुणाच्या तरी ओळखीनं जा, विहिरीच्या काठाला जाऊ नका, ते पाणी पिऊ नका, आणि घरातला म्हातारा माणूस काही सांगू लागला तर हातातलं काम थांबवा. बाकी पाहण्यासारखं फलक लावलेलं तिथं काही नाही.

सोमवारी मी वर्गात नववीला काय शिकवलं ते सांगत नाही, मुलांनी घरी जाऊन सांगितलं असेलच. मधल्या सुट्टीत वंदनानं फोन माझ्यापुढे धरला. रमेशनं फोटो पाठवला होता. मुरुमाच्या ट्रॉल्या ठरल्याप्रमाणे आल्या होत्या. मुरूम विहिरीपर्यंतच्या वाटेवर पसरला होता आणि विहिरीच्या तोंडाभोवती विटांचे दोन थर चढले होते. बाभळीखाली, अगदी बसायचं नव्हतं तिथंच, आबा खुर्ची टाकून बसलेले.

फोटोखाली रमेशनं एकच ओळ लिहिली होती: "मॅडमले सांग, टोपली काढली नाई."