बाबांनी निवडलेला पंखा

आमच्या घरात पंखा आला तो माझ्या बाळंतपणासाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे गल्लीत त्या पंख्याबद्दल भलभलतं बोललं गेलं आणि मी तोंड मिटून बसले. आता सांगायला बसलेच आहे तर पहिल्यापासून सांगते.

अकोल्यात, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात आमचं भाड्याचं घर होतं. धाब्याचं, म्हणजे वर मातीचं छत आणि खाली सागाच्या तुळया. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. घरात बाबा, मी आणि बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. तिला तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यात दिली होती. नवरा गेला तशी ती भावाकडे परत आली. मला तिनंच वाढवलं. मी सहा वर्षांची असताना माझी आई बाळंतपणात गेली, भर वैशाखात. बाळही गेलं.

आई कशानं गेली याची आमच्या घरात दोन उत्तरं होती. आत्या म्हणायची, "वारा लागला तिले. सहाव्या दिवशी खिडकी उघडली. मी नको नको म्हणून राहिली, आयकलं नाही तिनं." बाबांना वाटायचं, ती कोंडलेल्या खोलीत उकडून गेली. पण हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही माझं लग्न झाल्यावर. मी लहानाची मोठी झाले ती आत्याचं उत्तर ऐकत. आमच्याकडे खिडकी करकरली तरी मला आई आठवायची.

लग्न होऊन मी अमरावतीला गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि दिवस मोजले तर पुन्हा वैशाखच. साठ साल उजाडायला तेव्हा दोन-एक वर्षं असतील. बाबांना कळलं त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात पंखा शिरला.

जो माणूस स्वतःचं धोतरसुद्धा कधी निवडत नसे, आत्या आणेल ते नेसायचा, त्या माणसानं पंखा निवडायला अख्खा हिवाळा घातला. कोणा वकिलाची ओळख काढून कोर्टाच्या बाररूममध्ये जाऊन बसले, नुसते पंख्याखाली. थंडीत! अमरावतीला माझ्याकडे आले तर माझी चौकशी दोन वाक्यांत उरकली आणि दिवाणखान्यातल्या पंख्याखाली मान वर करून उभे. आवाज करतो का, एकवर वारा अंगाला लागतो की नुसता जाणवतो, पाचवर दांडी हलते का. माझे सासरे हसून म्हणाले, "गुरुजी, पंखा घेऊन राहिले का विमान?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना काही नाही. त्यांनी खिशातून चिठोरी काढून लिहून घेतलं.

मग त्यांचं पत्र आलं. माझ्या तब्येतीबद्दल एक ओळ, बाकी पत्रभर पंखा. मधल्या खोलीचा नकाशा काढलेला, फूटपट्टी लावून. लहान पंखा घेतला तर तो भरभर फिरतो आणि एकाच जागी मारा करतो; मोठ्या पात्यांचा हळू फिरतो पण खोलीभर सावकाश वारा देतो, म्हणून बाळासाठी छप्पन इंचीच. तो बाजेच्या बरोबर वर नको, पायाच्या बाजूला. उन्हाळ्यात दिवसा खिडक्या लावून एकवर, ऊन उतरलं की खिडक्या उघडून तीनवर. पावसाळ्यात लंगोट वाळतील आणि डासही बसणार नाहीत. हिवाळ्यात पात्यांना जुनं धोतर गुंडाळून ठेवायचं, धूळ बसत नाही. बाराही महिन्यांची सोय त्या माणसानं कागदावर करून ठेवली होती. मी ते पत्र वाचून हसले. देवा, किती हसले!

मी माहेरी गेले तेव्हा पंखा लागत होता. छत ठेंगणं, म्हणून वायरमननं दांडी कापली. "गुरुजी, दांडी कापाच लागते, नाहीतर पावण्याच्या टोपीले लागन," असं म्हणाला. बाबांनी स्वतः टोपी घालून, हात वर करून माप दिलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. मला वाटलं भांडेल. ती नुसती म्हणाली, "लावू दे त्याले. हौस हाये."

मुलगा झाला. गोरा, भरपूर जावळाचा, रडला तर वेशीपर्यंत ऐकू जाईल असा. आणि त्याच दिवशी आत्यानं खोली ताब्यात घेतली. दारं-खिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, माझ्या कानांवर घट्ट फडकं. बाहेर लू चाललेली, धाबं वरून तापलेलं, आणि पायाच्या बाजूला, अगदी नकाशाबरहुकूम, नवा कोरा पंखा लटकलेला. आत्यानं सांगितलं, सव्वा महिना बटणाला हात लावायचा नाही.

सोयर असल्यामुळे बाबा खोलीत येत नसत. दाराबाहेरून विचारायचे. "ताई, एकवर तरी."

"एकवर नाही अन् अर्ध्यावर नाही. बायको घालवली, आता पोरगी घालवाची हाये का?"

बाबांच्या चपलांचा आवाज पुढच्या खोलीकडे गेला. वर्गात ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं चळाचळा कापायची, ते हे बाबा! पंख्याबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त बहिणीला ओलांडून पुढं यायचं तेवढं जमलं नाही. मला अजून राग येतो त्यांचा. आत्याचा येत नाही. ती बिचारी जे खरं मानत होती तेच करत होती, आणि माझ्यासाठी स्वतःही त्याच भट्टीत बसत होती.

पाच-सहा दिवस बाळ रडलं. सातव्या दिवशी शांत झालं. आत्या कौतुकानं म्हणाली, "पाह्य, कसं शहाणं हाये लेकरू, लंगोटही भिजवत नाही." मलाही तेच वाटलं. मी एकोणीस वर्षांची होते, मला कुठलं काय कळायला. कोरडाच राहिलेला लंगोट घडी करून ठेवताना मला बरंच वाटलं, धुणं वाचलं म्हणून.

आता ती दुपार सांगते. आठवा दिवस. जेवणं झाली होती. आत्या पलीकडच्या खोलीत लवंडली होती, तिचं घोरणं ऐकू येत होतं. बाळाचं अंग तव्यासारखं तापलेलं. तोंडाला लावलं तर ओढत नव्हतं. ओठ कोरडे, टाळू खाली गेलेली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, खरी भीती.

मी उठले. बटण दाराशेजारी होतं, चार पावलांवर. मी गेले आणि बटणावर बोट ठेवलं. मला कोणी धरलं नव्हतं. दार लावलेलं होतं. नुसतं खाली करायचं, इतकंच.

आणि मला आई आठवली. खिडकी उघडणारी आई. ती कशी दिसायची हे मला धड आठवत नाही, पण खिडकी उघडताना मात्र ती मला स्पष्ट दिसली. बोट काढलं. परत बाजेवर येऊन बसले. पदरानं बाळाला वारा घालायला लागले, तर त्याचीही भीती वाटली, तेही थांबवलं. मग नुसती बसून राहिले. किती वेळ बसले ते देवाला ठाऊक. ऊन कलेपर्यंत बसले.

चारच्या सुमारास आत्या उठली, बाळाला हात लावला आणि तिनं "अवो माय!" असा हंबरडा फोडला. बाबा अनवाणी धावत डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर खोलीत शिरले आणि घुसमटून दोन पावलं मागे झाले. "अहो, ही खोली आहे का चूल? पंखा दिसतोय ना वर! लावा तो आधी. खिडक्या उघडा!"

बाबांनी सोयरसुतक न बघता आत येऊन बटण दाबलं. स्वतःच्या हातानं, पाचवर. पंखा फिरायला लागला. आवाज नव्हता, दांडी हलत नव्हती. खरंच फार चांगला पंखा होता तो. आत्या डोकं आपटत ओरडत होती, "बंद कर! मारतं का त्याले!" डॉक्टरांनी चमच्यानं पाणी घालून पाहिलं, सुई दिली. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार उशीर झाला, गुरुजी." दिवेलागणीच्या आत बाळ गेलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत एकच. पंख्यानं लेकरू गेलं. गुरुजींनी हौसेनं पंखा लावला अन् तासाभरात नातू गेला. सांत्वनाला येणाऱ्या बाया आधी वर बघायच्या, मग माझ्याकडे. आत्या प्रत्येकीला सांगायची आणि प्रत्येक वेळी तितकीच रडायची. मी ऐकत होते. दुपारीच बाळानं दूध ओढणं सोडलं होतं, पंखा लागायच्या आधीच सगळं संपलं होतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. ते सांगायचं तर बटणापाशी गेले होते हेही सांगावं लागलं असतं.

नवरा येऊन मला अमरावतीला घेऊन गेला. पुढे मला दोन मुलं झाली, दोन्ही सासरी, थंडीच्या दिवसांत. ती जगली. बरं झालं म्हणायचं, दुसरं काय. बाबांनी त्या पंख्याला धोतर गुंडाळलं ते उन्हाळ्यातही काढलं नाही. अचलपूरहून त्यांचा एक जुना विद्यार्थी आला होता, गुरुजींना पंख्यातलं फार कळतं असं ऐकून, कुठला घ्यावा विचारायला. बाबा म्हणाले, "नको घेऊ." एवढंच. चहासुद्धा विचारला नाही त्याला.

आत्या गेली. पाठोपाठ तीनेक वर्षांनी बाबांनी अंथरूण धरलं. तोही उन्हाळाच होता. मी अकोल्याला आले तेव्हा ते त्याच मधल्या खोलीत होते, गादी घामानं भिजलेली. मी स्टूल ओढलं. म्हटलं, "बाबा, धोतर सोडते, पंखा लावू या."

"नको," ते म्हणाले. "बेटा, एक खरं सांग. माझ्या हातानंच गेला ना तो? मी पंखा लावला म्हणून?"

आत्या नव्हती. खरं बोलल्यानं कोणाचंच काही जाणार नव्हतं, माझ्याशिवाय. बाबा, तो दुपारीच चालला होता. तुम्ही लावला तो उशिरा लावला, आणि लवकर लावायला मी उठले होते, बटणावर बोट ठेवून परत आले. एवढी दोन-तीन वाक्यं. ओठांपर्यंत आली होती माझ्या.

"देवाची मर्जी होती, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला, हे मला दिसलं, आणि मी तो घेऊ दिला.