तीन खोडांचा नियम

दिगंबर महाजन सरांनी आयुष्यात एकच शोध लावला, आणि तो खरा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे कौतिक पाटलाची बायको मालूबाई गेली ती शोध खोटा होता म्हणून नाही.

शोध असा: तीनशे पंधरा बोअरच्या रायफलीची गोळी केळीच्या तिसऱ्या खोडात मरते. चौथ्यापर्यंत जात नाही.

सर बुऱ्हाणपुरातल्या एका खाजगी शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घर लोधीपुऱ्यात. वडिलांकडून त्यांना दोन गोष्टी आल्या, दमा आणि रायफल. दम्याचा परवाना काढावा लागत नाही, रायफलीचा दर काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. त्यामुळे सरांचं लक्ष रायफलीकडे जास्त. वडिलांनी शिकारीचा काळ पाहिला होता. सरांच्या वाट्याला त्यानंतरचा काळ आला, म्हणजे चर्चेचा.

ही चर्चा ललितच्या दुकानासमोरच्या बाकावर चाले. ललितचं बंदुका-काडतुसांचं वडिलोपार्जित दुकान. आता त्यात कुलपं, एअरगन आणि माकडं पळवायचे फटाके जास्त खपतात. बाकावर येणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना होता, आणि परवान्यावर मिळणारी मूठभर काडतुसं बहुतेकांच्या कपाटात वर्षानुवर्षं तशीच पडून असत. पण बोलणं ऐकणाऱ्याला वाटावं, की ही मंडळी सकाळी दोन-दोन डुकरं पाडूनच चहाला आली आहेत. गोळी जड आणि संथ असावी की हलकी आणि वेगवान. नाक बोथट बरं की टोकदार. या प्रश्नांवर या बाकावर मैत्र्या तुटल्या आहेत, एक सोयरीकही मोडता मोडता राहिली आहे.

अलीकडे बाकावर तुषार येऊ लागला होता. केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, तिशीतला. त्याने थर्टी-ऑट-सिक्स ही जास्त वेगवान गोळीची नवी रायफल घेतली होती आणि मोबाइलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ तो भक्तिभावाने पाही. त्याच्याकडून बाकाला कळलं, की तिकडे लोक ऑट-सिक्सही सोडून साडेसहा एमएमच्या क्रीडमोर नावाच्या काडतुसाकडे वळले आहेत. क्रीडमोर बाकावर कोणीही पाहिलेली नव्हती, तुषारनेही नाही. मत मात्र आठवड्याभरात सगळ्यांचं झालं.

"सर, जमाना आता फ्लॅट ट्रॅजेक्टरीचा आहे, लांबवर सरळ जाणाऱ्या गोळीचा," तुषार म्हणे. "तुमची तीनसौपंद्रह म्हणजे पत्थर फेकने जैसा."

"दगडाचा एक गुण आहे तुषार, टाकला तिथे पडतो," सर म्हणत. "तुझी गोळी तापी ओलांडून कोणाकडे चहाला जाईल, ते तुलाही कळायचं नाही."

बाक हसे. सरांचं पारडं जड असायचं, कारण त्यांच्याकडे पुरावा होता. ललितच्या काचेच्या कपाटात, कुलपांच्या वरच्या फळीवर, एक गोळी ठेवलेली होती. पुढून फुलासारखी उमललेली.

ती सापडली कौतिक पाटलाच्या शेतात. कौतिकचं शेत धूलकोटच्या रस्त्याला, वरच्या बाजूला जंगल. घड उतरल्यावर केळीचं खोड कापतातच. सरांनी ती ताजी, पाण्याने भरलेली खोडं एकमेकांना टेकवून ओळीने उभी केली, समोरून गोळी झाडली आणि कोयत्याने एकेक खोड फोडून पाहिलं. गोळी तिसऱ्या खोडात बसलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिक्षक माणूस, तिसऱ्यांदाही केलं, त्या वर्षाची काडतुसं संपवली. पुन्हा तेच.

नियम गावोगाव गेला. त्याला कारण होतं. रानडुकरं केळीत शिरतात, कंद उकरतात, वाढलेली झाडं आडवी करतात. परवानगी काढून डुक्कर मारता येतं, पण बागेत कुठे ना कुठे माणूस असतोच, म्हणून शेतकरी बंदूकवाल्याला आत घ्यायला कचरत. तीन खोडांच्या नियमाने ही भीती गेली. सरांची गोळी बागेबाहेर जात नाही, असं लोक म्हणू लागले. ऑट-सिक्सचा असा प्रयोग कधी झाला नाही. खोडावर काडतूस वाया घालवायला तुषार तयार नव्हता. मग जी गोळी थांबते हे सिद्ध झालेलं नाही ती थांबत नाही, असं सगळ्यांनी धरून घेतलं. बाकावर सिद्धतेची हीच रीत होती.

कौतिक तसा अबोल माणूस. त्याला गर्व एकाच गोष्टीचा होता, आपल्या केळीच्या रांगांचा. दोरी ताणून लावलेल्या. एक टोक त्याच्याकडे, दुसरं मालूबाईकडे. बांधावर उभं राहून रांगेत नजर टाकली तर पार शेवटपर्यंत जावी. रस्त्याने जाणारे थांबून पाहत. मालूबाई म्हणे, माणसानं घरातलं कपाट तरी असं सरळ लावावं.

त्या हिवाळ्यात डुकरांनी कौतिकची नवी बाग एका कडेने झोपवली. त्याने अर्ज केला, परवानगी सरांच्या नावाने आली. तुषार नुसतं पाहायला म्हणून आला. पाहायला येताना त्याने रायफल आणली होती.

आदल्या संध्याकाळी कौतिकने सरांना एक गोष्ट विचारली. शेतीची वीज त्या आठवड्यात पहाटे होती. वीज आली, की बागेच्या तिकडच्या टोकाला जाऊन ठिबकचा व्हॉल्व फिरवावा लागे, आणि ते काम मालूबाईचं. एक दिवस पाणी राहू द्यायचं का?

सर म्हणाले, "पाणी कशाला बंद ठेवतोस? मधे अख्खी बाग उभी आहे, गोळीला तीन खोडं पुरतात."

कौतिकने घरात जाऊन बायकोला हेच सांगितलं, सरांच्याच शब्दांत.

पहाटे सर बांधावर, रांगांच्या तोंडाशी बसले. तुषार बाजूला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर चढला. उजाडून दिसू लागताच गड्यांनी वरून हाकारा केला. मोठा नर बाहेर निघाला आणि रांगांना आडवा पळाला. दोन बार झाले, जवळजवळ एकदमच. डुक्कर चार पावलं जाऊन कोसळलं. सरांची, सरांची, म्हणून गडी धावले. कोणी सरांची पाठ थोपटली. सरांनाही खांद्याला बसलेला धक्का आठवत होता आणि समोर डुक्कर पडलेलं दिसत होतं. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला भौतिकशास्त्र लागत नाही.

सगळे डुकराभोवती उभे होते. कौतिक मात्र खाली पाहत होता. ठिबकची नळी त्याच्या पायाशीच होती. त्याने ती बोटांत धरून दाबली.

"लाईट येऊन इतका येळ झाला," तो म्हणाला. "पानी काहून नई आलं?"

आणि तो पाहायला गेला.

पोलिस आले, दोन्ही रायफली जप्त झाल्या. गोळी मालूबाईच्या छातीतून आरपार जाऊन मागच्या मातीत कुठे तरी गेली होती. ती सापडली नाही. डुक्कर मात्र त्याच दुपारी सरकारी नियमाप्रमाणे खड्ड्यात पुरलं गेलं. त्याच्या अंगात कोणाची गोळी आहे हे पाहावं, असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. जबाब एकसारखे झाले. सरांची गोळी डुकरात. शिवाय सरांची गोळी बागेच्या पार जाऊच शकत नाही. उरली दुसरी. तुषारच्या नावाने परवानगीही नव्हती. त्याला कोठडीत टाकलं. मी पाहून मारली, डुकरालाच मारली, असं तो सांगत राहिला. असं सगळेच सांगतात.

ललितच्या बाकावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं. वेगवान गोळी वाईट. ज्यांनी क्रीडमोरची बाजू घेतली होती, त्यांनीही ती सोडली.

सर त्या बाकावर गेले नाहीत. घरात बसून राहिले. शोभाताईंनी, त्यांच्या पत्नीने, एका सकाळी चहा पुढे ठेवताना विचारलं, "तुमची लागली होती ना डुकराला, नक्की?"

सर म्हणाले, तिसऱ्या खोडापुढे जात नाही, प्रयोग झालेला आहे.

"नियमाचं नाही विचारलं मी."

सर धूलकोटच्या बसमध्ये बसले. कौतिक घरी नव्हता. सर थेट बागेत गेले. केळीचा चीक उघड्यावर काळा पडतो. कापडाला लागला तर धुतल्याने जात नाही. खोडाला गोळी लागली असेल, तर भोकाखाली काळा ओघळ असणारच. ट्रॉली जिथे होती तिथून व्हॉल्वपर्यंत तिरक्या रेषेत जेवढी झाडं येत होती, ती सगळी त्यांनी पाहिली. आजूबाजूचीही पाहिली. दमा होता, मधे मधे बसावं लागलं. एकाही खोडाला भोक नव्हतं. तुषारची गोळी या बाजूला आलीच नव्हती. ती डुकरात होती.

मग सर आपल्या जागेवर आले आणि त्या सकाळी बसले होते तसे बसले. समोर दोन रांगांमधली गल्ली होती. रायफलीच्या नळीतून पाहावं तशी स्वच्छ. तिच्या टोकाला, नखाएवढा, निळा व्हॉल्व.

प्रयोगात खोडं एकमेकांना टेकवलेली होती. बागेत दोन रांगांमध्ये पाच फूट हवा असते. हवेचा नियम सरांनी काढलेला नव्हता.

ते तसेच ठाण्यात गेले. ठाणेदार नेपानगरकडचा, घरची केळी असलेला. त्याने सरांना खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"सर, आप बुजुर्ग आदमी," तो म्हणाला. "पोराला वाचवायला निघालात, समजतं मला. पण तुमची गोळी तिथपर्यंत जाईलच कशी? आमच्या वडिलांनाही ठाऊक आहे ते."

सरांनी गल्लीचं सांगितलं. ठाणेदार म्हणाला, लॅबचा रिपोर्ट येईल तेव्हा पाहू. काही महिने लागतात. आणि मुख्य साक्षीदार तर कौतिक आहे. ज्याची बायको गेली तो म्हणतो तुषार, तर मी कोण?

मग सर कौतिककडे गेले. कौतिक ओसरीवर बसला होता, डोकं भादरलेलं. मारलं मीच, असं सर म्हणाले, तेव्हा त्याने वरही पाहिलं नाही. तो म्हणाला, सर, तुम्ही जा. मी तिले तुमचं नाव सांगून पाठवेल होती. त्याला कोणी तरी दुसरा हवा होता. तुषार सापडला होता, तरुण होता, पैसेवाल्याचा होता, आणि व्हॉल्वकडे जा असं त्याने काही सांगितलं नव्हतं.

सर गेले नाहीत. तो पोरगा कोठडीत आहे, एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी कौतिक उठला, त्यांना घालवून द्यावं म्हणून की काय, आणि दोघं बागेपर्यंत चालत गेले. सरांनी त्याला बांधावरच्या त्या जागेवर बसवलं. स्वतः बाजूला उभे राहिले.

कौतिकने त्या गल्लीत हजारदा पाहिलं होतं. दुसऱ्यांना बोलावून दाखवलं होतं.

"दिसतं?" सरांनी विचारलं.

"दिसते."

वाऱ्याने पानं हलली, पुन्हा थांबली. गल्ली तशीच.

"लावतानी दोरीचं तिकडचं टोक तिच्या हाती होतं," कौतिक म्हणाला. "मले म्हने, जरासं डाव्या अंगाले घ्या, वाकडी होऊन राहिली. म्या घेतलं."

मग तो उठला, घरात जाऊन सदरा घालून आला, आणि दोघं एकाच मोटारसायकलवर ठाण्यात गेले.

जबाब बदलला. पुरलेलं डुक्कर उकरण्यात आलं. त्याच्या अंगात ऑट-सिक्सची गोळी मिळाली. म्हणजे त्या पहाटे नेम तुषारचाच बसला होता, हे बाकाला उशिरा कळलं. तुषार सुटला. परवानगीवाचून शिकारीचा खटला त्याच्यावर राहिला तो राहिलाच. त्याने रायफल पुन्हा मागितली नाही. सरांवर गुन्हा दाखल झाला. आता ते जामिनावर आहेत, तारखेला जातात, दमा वाढला आहे. कौतिकने यंदा केळी लावली ती अंदाजाने, दोरीशिवाय. रांगा नागमोडी झाल्या आहेत, ठिबकच्या नळ्या पुरत नाहीत, जाणारे हसतात.

मध्यंतरी एका तारखेहून परतताना सर ललितच्या दुकानात शिरले आणि ती कपाटातली गोळी काढून टाक म्हणाले. ललित म्हणाला, सर, तिच्यामुळे गिऱ्हाईक येतं. त्याच वेळी नेपानगरकडचा एक शेतकरी आला. डुकरांनी बाग खाल्ली, तीनशे पंधरावाला कोणी आहे का, केळीत घ्यायचा आहे, बायामाणसं कामाला असतात.

सर म्हणाले, "अशा बागेत एक बाई मेली आहे. गोळी माझी होती."

शेतकऱ्याने हात जोडले. त्याने ऐकलं होतं.

"पण सर, ती खोडाले लागलीच नव्हती ना," तो म्हणाला. "लागती तर थांबतीच."

सरांनी तोंड उघडलं. रांगांचं, मधल्या गल्लीचं, हवेचं सांगायला लागले. मधे खोकला आला. शेतकरी आदराने मान हलवत राहिला, आणि खोकला थांबेपर्यंत त्याने ललितकडून एका तीनशे पंधरावाल्याचा नंबर लिहून घेतला.