एका मात्रेचं संशोधन

मी भौतिकशास्त्रात संशोधन करते. हे वाक्य पुण्यात म्हटलं तर लोक मान डोलावतात. ग्वाल्हेरात म्हटलं तर आधार कार्ड काढून पुढे ठेवतात. कारण हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, आणि घरात मराठी, दारात हिंदी बोलणाऱ्या माझ्या आईला हा फरक कधी जाणवलाच नाही. तिने गल्लीभर अभिमानाने सांगितलं, "हमारी बेटी संशोधन करती है." झालं! चार दिवसांत आमच्या दाराशी रांग. मी प्रत्येकाला समजावत बसे, "शोध, चाचाजी, रिसर्च!"

खरं काम सांगायला जावं तर आणखी पंचाईत. आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पापुद्रा असतो, दुधावरच्या सायीसारखा, पण कल्पनेपलीकडे पातळ. त्यात प्रथिनं रुतून बसतात आणि आत-बाहेर जायची दारं होतात. अभ्रकाच्या चकतीवर तसा पापुद्रा पसरायचा, त्यात प्रथिन बसवायचं आणि अतिसूक्ष्म सुईनं चाचपून त्याचं चित्र काढायचं, हे माझं काम. पण त्या उन्हाळ्यात पापुद्रा काही धड पसरेना. पडद्यावर नुसत्या गुठळ्या. माझ्या मार्गदर्शक सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "महीने के आखिर तक एक तस्वीर दिखाओ, नहीं तो विषय बदलो." म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी आईवर चिडायची.

अशाच एका रविवारी समोरच्या चाचीजी आल्या. मुलगी परदेशात बाळंत झाली होती, आणि कार्डावरच्या चुकीच्या नावामुळे यांचा पासपोर्ट अडला होता. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "अगं, करून दे ना त्यांचं. दिवसभर हेच तर करून राहिली तू!"

हसावं की रडावं कळेना. चाचीजींनी नावावर बोट ठेवलं. "देवर ने लिखवाया था, बिटिया. छोटी मात्रा लगनी थी, बड़ी लगवा दी. बस, इत्ते में सब बिगड़ गया."

ह्रस्व वेलांटीची दीर्घ झाली होती, एवढंच. पण हिंदीत मात्रा म्हणजे प्रमाणही, आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पापुद्रा चिकटावा म्हणून मी द्रावणात क्षार घालत होते, आणि फसलं की दर वेळी आणखी थोडा वाढवत होते. तो कमी करून पाहावा हे चाचीजींमुळे सुचलं असं मी सरांना अजून सांगितलेलं नाही; शोधनिबंधात तसं लिहायची पद्धत नाही.

सोमवारी आधी चाचीजींना स्कूटरवर बसवून सिटी सेंटर भागातल्या आधार केंद्रात नेलं. मग प्रयोगशाळेत जाऊन क्षार कमी करत गेले. महिना सरत आला, माझा जीव टांगणीला, आणि एका दुपारी मात्रा लागू पडली. पडद्यावर सपाट, शांत पापुद्रा उमटला, आणि त्यात प्रथिनांची इवली इवली कडी, मधोमध भोक असलेली. आनंदाने मी अक्षरशः उडी मारली, आणि त्या हादऱ्याने पुढचं चित्र बिघडवलं.

घरी आले तर चाचीजी दारातच उभ्या, एका हातात नवं कार्ड, दुसऱ्या हातात पेढ्यांचा डबा. "बिटिया, संशोधन हो गया!"

"हाँ चाचीजी," मी म्हटलं, "मेरा भी हो गया."

या खेपेला कोणाला काही समजावत बसले नाही. पेढा तोंडात होता.