आकाशकंदील मिरवायला नेला त्याची गोष्ट

सैन्यातल्या बायकांना एक खोड लागते. कुठलाही समारंभ असो, आम्ही आधी परीक्षक कुठे बसलेत ते बघतो.

छावणीत सगळ्याचीच स्पर्धा असते. बाग कुणाची चांगली, पडदे कुणाचे नीटनेटके, दिवाळीच्या मेळ्यात स्टॉल कुणाचा देखणा. मी स्वतः काकडीचा मोर करून दुसरं बक्षीस मिळवलेलं आहे. पहिलं बक्षीस ज्यांना मिळालं त्यांनी मुळ्याचा हंस केला होता आणि त्या कमांडिंग ऑफिसरच्या पत्नी होत्या, एवढंच सांगते. बाकी मी ते सगळं केव्हाच विसरून गेले आहे.

ही खोड सामानात घालून मी जर्मनीला नेली. नवरा सैन्यात इंजिनिअर. त्याला दोन वर्षं कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात शिकायला पाठवलं होतं. चाळिशी ओलांडलेला माणूस पाठीवर सॅक अडकवून विशी-बाविशीच्या पोरांबरोबर लेक्चरला जायचा आणि संध्याकाळी घरी येऊन होमवर्क करायचा. आठ वर्षांची मुलगीही होमवर्क करायची. घरात न शिकणारी मी एकटीच, त्यामुळे गावात हिंडायचं खातं माझ्याकडे आलं.

मुलीची ही पाचवी शाळा होती. पहिल्या दिवशी बाईंनी तिला फळ्यापाशी उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, ही नवीन मुलगी. भटिंड्यात असंच झालं होतं, जबलपूरलाही. घरी आल्यावर बुटाच्या नाड्या सोडता सोडता तिने विचारलं, "आई, किती दिवसांनी मी नवीन नसते?"

"अगं, दोन-तीन महिने," नवरा म्हणाला.

"दोन-तीन महिन्यांनी मला कुणीतरी मैत्रीण मिळते. मग आपली बदली होते."

यावर आम्ही दोघांनी तिला आइस्क्रीम खायला नेलं. उत्तर नसलं की आमच्या घरात आइस्क्रीम असतं.

त्या वर्षी मी मात्र अशी खुशीत होते की विचारू नका. शनिवारच्या बाजारात बटाटेवाल्या आजीबाई मला आधी दरडावायच्या, हा उकडायचा, हा तळायचा, हा सॅलडचा, उगाच मिसळू नका. बेकरीत काचेच्या कपाटातल्या पावांची मी डावीकडून उजवीकडे परीक्षा घेत होते, रोज एक. उन्हाळा संपला तशी आजूबाजूच्या खेड्यांतून द्राक्षांच्या वाइनचे उत्सव सुरू झाले. एकाही गावाचा उत्सव मी सोडला नाही. नवरा म्हणायचा, "तू इन्स्पेक्शनला आल्यासारखी फिरतेस." फिरत होतेच. कुठे लाकडी बाक कसे मांडलेत, कुठे कांद्याची पाई जास्त खरपूस, याचे गुण मी मनातल्या मनात देत असे.

अशात ऑक्टोबरच्या शेवटी शाळेतून एक चिठ्ठी आली. अकरा नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजता झांक्ट मार्टिनची, म्हणजे संत मार्टिनची, मिरवणूक, मुलांनी हातात कंदील घेऊन चालायचं. कंदील वर्गात करायचे, त्यासाठी चीजचा एक गोल रिकामा डबा पाठवावा.

कंदील! आणि कॅलेंडर बघते तर त्या वर्षी लक्ष्मीपूजनही अकरालाच. मी खुर्चीतून उठलेच.

"हा मार्टिन कोण?" नवऱ्याने विचारलं.

मुलीला सगळी गोष्ट पाठ होती. रोमन सैनिक होता. थंडीत घोड्यावरून जाताना त्याला रस्त्यात कुडकुडणारा भिकारी दिसला, तर त्याने तलवारीने आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला.

"सरकारी वर्दी कापली?" नवरा म्हणाला. "आमच्याकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरी लागली असती."

मला मात्र 'सैनिक' या शब्दाच्या पुढचं काही ऐकूच आलं नाही. म्हणजे हा आपल्याच खात्यातला माणूस. त्याच्या नावाने मिरवणूक, मिरवणुकीत कंदील आणि कंदील तर आपल्या घरातली विद्या. माझ्या वडिलांनी मला दहा वर्षांची असताना कामट्यांचा आकाशकंदील करायला शिकवला होता. याला बक्षीस नसेल असं माझ्या डोक्यात आलंच नाही. छावणीत वीस वर्षं काढलेल्या बाईच्या डोक्यात ते येऊच शकत नाही.

आधी चीजचा डबा. दुकानात गोल डब्यातलं चीज एकाच प्रकारचं होतं आणि ते उघडल्यावर आमच्या स्वयंपाकघरात कुणाचे तरी चार दिवसांचे मोजे वाळत घातल्यासारखा वास सुटला. नवऱ्याने ते तीन दिवसांत संपवलं, देशसेवा म्हणून. मुलीने डबा धुऊन पुसून दप्तरात ठेवला. मी म्हटलं, "देऊन टाक बाईंना, कुणाला तरी उपयोगी पडेल. आपण घरी करतोय."

तिने दप्तराची चेन ओढून बंद केली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन बाईंना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगून आले की आमचा कंदील घरी तयार होईल, आमचा देशच कंदिलांचा. बाई म्हणाल्या, "बरं... चालेल की. तुम्ही मुलीला विचारलंय ना?"

"हो, हो," मी म्हटलं. विचारलं नव्हतं.

मग आमच्या दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. कामट्या कुठे मिळणार? बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या सामानाच्या त्या अवाढव्य दुकानात, बागकाम विभागात टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायच्या बांबूच्या काठ्या मिळाल्या. त्या मी पाच मिनिटांत उचलल्या. नवऱ्याला खिळे-स्क्रूच्या गल्लीतून बाहेर काढायला पाऊण तास लागला. तो हातात एक स्क्रू घेऊन उभा होता आणि चेहऱ्यावर असा भाव होता की आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा तो सापडणार नाही.

कागदासाठी हस्तकलेच्या दुकानात गेलो. तिथे गळ्यात चष्म्याची साखळी असलेल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी खण उघडला आणि मी बघतच राहिले. पतंगाचा कागद. तसाच पातळ, तसाच कुरकुरणारा आणि रंग तर किती. लाल, केशरी, पोपटी, जांभळा. मी प्रत्येकातला घेतला. नवऱ्याने इंजिनिअरच्या तपशिलाने कंदिलाची आकृती काढून दाखवली, मापांसकट.

बाईंनी चष्मा लावला. "मूल किती वर्षांचं?"

"आठ."

त्यांनी आकृती पुन्हा बघितली. "आणि हा मुलाने उचलायचा?"

"मुलीने," मी म्हटलं आणि त्यांचे आभार मानून बाहेर आले.

कंदिलाचं काम आठ दिवस चाललं होतं. काठ्या चिरून कामट्या काढल्या, नवऱ्याने सांधे असे बांधले की त्यावरून जीप गेली असती. मी खळ शिजवली. चांदणीचा आकार, दोन फूट रुंद, प्रत्येक टोकाला वेगळा रंग, खाली झिरमिळ्या. झिरमिळ्यांसकट चार फूट. मुलगी बाजूला बसून कागदाच्या पट्ट्या कापत होती.

"आई, पण हा दाराला टांगायचा असतो ना?"

"एरवी टांगायचा. या वेळी मिरवायचा."

"बाकीचे सगळे इगेल करतायत." इगेल म्हणजे साळिंदराचा धाकटा भाऊ शोभेल असा एक गुबगुबीत काटेरी प्राणी. तिकडच्या बागांमधून फिरतो.

"करू देत की," मी म्हटलं. "मग आपलाच उठून दिसेल."

"गेनाऊ," ती म्हणाली. जर्मनमध्ये याचा अर्थ 'अगदी बरोबर'. शाळेतून उचललेला हा शब्द ती उठता बसता वापरायची, म्हणून मी मान वर करून तिच्याकडे पाहिलंही नाही. पाहायला हवं होतं.

अकराला पूजा मिरवणुकीनंतर करायची ठरवली. पाचच्या आधीच अंधार पडला. कंदिलाला काठी म्हणून फरशी पुसायच्या मॉपचा दांडा लावला होता. मुलीने तो दोन्ही हातांनी उचलला, चार पावलं चालली आणि शेजाऱ्यांच्या टपालपेटीवर आपटली. मग नवऱ्याने तो खांद्यावर घेतला आणि आम्ही निशाण घेतलेल्या तुकडीसारखे चर्चसमोरच्या चौकात पोचलो.

चौकात साठ-सत्तर मुलं होती आणि प्रत्येकाच्या हातात काठी, काठीला वीतभर इगेल. चीजच्या गोल डब्याचं पोट, तपकिरी कागदाचे काटे, आत मिणमिणता दिवा. कुठेतरी एखादा चंद्र, एखादं घुबड. पण आकार सगळ्यांचा तेवढाच. आमचा कंदील त्यांच्यावर असा झुलत होता, जसा बालवाडीत हत्ती आला असावा.

तरीही माझी खोड जाईना. मी अग्निशमन दलाच्या एका जवानाला गाठलं. "परीक्षक कुठे बसलेत?"

"परीक्षक? कशाचे?"

"कंदिलांचे."

त्याने वर आमच्या चांदणीकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. "दिवा लागतोय ना?"

"हो."

"मग झालं की."

एवढं बोलून तो निघून गेला आणि मी तिथेच उभी राहिले. चौकात टेबल नव्हतं, पांढरी चादर नव्हती, शिल्ड नव्हती, कमांडिंग ऑफिसरची बायको नव्हती. माझ्या लक्षात आलं आणि कानशिलं गरम झाली. मी मुलीकडे वळले. ती कंदिलापासून दोन पावलं दूर, माझ्या कोटाआड उभी होती. तिच्याच वर्गातली दोन वेण्यांची मुलगी, जिच्याबद्दल ती हल्ली रोज काहीतरी सांगायची, समोरून तिला हात करत होती. आमची हात वर करत नव्हती. या वेळी तर तिला फळ्यापाशी उभं करायला बाईंचीही गरज पडली नव्हती. तिच्या आईनेच चार फुटी सोय केली होती.

तेवढ्यात घोडा आला. लाल झग्यातला मार्टिन वर बसलेला, मागे पितळी वाद्यांचं पथक. वाऱ्याची झुळूक आली आणि आमच्या झिरमिळ्या सळसळत घोड्याच्या तोंडासमोरून गेल्या. घोड्याने कान मागे घेतले आणि फुरफुरत दोन पावलं आडवी टाकली. मार्टिनने लगाम खेचून, वरूनच पण फार अदबीने सांगितलं, "कृपा करून हे... हे जे काही आहे ते शेवटी न्याल का?"

सगळा चौक आमच्याकडे बघत होता. मी पुटपुटले, "बाळा, सॉरी ग. मी तुला विचारायला हवं होतं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग पाठीवरचं दप्तर खाली घेतलं. मिरवणुकीला दप्तर कशाला, म्हणून दुपारी मी तिच्याशी वाद घातला होता. तिने आतून हलक्या हाताने एक वस्तू काढली. चीजचा गोल डबा, तपकिरी काटे, एक डोळा जरा मोठा.

"शाळेत केला," ती म्हणाली. "बाईंनी काठी दिली. तू रागावणार नाहीस ना?"

मी नाही म्हणून तिची टोपी सारखी केली. नवऱ्याने मॉपचा दांडा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "हे आम्ही सांभाळतो. तू तुझ्या तुकडीत जा."

ती पळाली. दोन वेण्यांच्या मुलीने सरकून जागा केली आणि ती तिच्या शेजारी उभी राहिली.

आम्ही दोघं मिरवणुकीच्या शेवटी, अग्निशमन दलाच्या गाडीच्याही मागे. पुढे वाद्यं वाजायला लागली, मुलं गाऊ लागली, मिरवणूक गल्लीत वळली. खिडक्यांमधून लोक आधी मुलांकडे बघून हात हलवत आणि मग आम्ही आलो की हात तसाच हवेत राही. एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने दांडा न हलवता मान डावीकडे वळवून सलामी दिली, अगदी परेडमधल्यासारखी. मला हसू आवरेना. इतकी वर्षं मी बक्षिसासाठी धडपडले, पण मिरवणुकीत सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघावं हे पहिल्यांदाच घडत होतं आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

चढाच्या रस्त्यावर मिरवणूक पूर्ण दिसू लागली. मी टाचा उंचावून मुलीला शोधलं. सगळ्या टोप्या, सगळी फुगीर जाकिटं, सगळे तपकिरी इगेल हेलकावे खात चाललेले. ही असेल, नाही, ती. वेण्या कुठे दिसतात का बघितलं, तर टोप्यांखाली कुणाच्याच वेण्या दिसत नव्हत्या. पाच शाळांच्या फाटकांतून मी या पोरीला क्षणात ओळखलं होतं. सगळ्यांपासून जरा लांब उभी असे ती आपली, असा सोपा हिशोब होता. आज ती खूण राहिली नव्हती.

मैदानात शेकोटी पेटली आणि मुलांना मोठाले गोड ब्रेझेल, म्हणजे वेटोळे पाव, वाटले. ते खात खात ती दोन वेण्यांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. मैत्रिणीने मान मागे टाकून कंदील बघितला आणि काहीतरी विचारलं. आमची जर्मनमध्ये भराभर बोलली. मला त्यातलं एवढं कळलं की हा मिरवायचा नसतो, हा घराचा आहे, आज आमच्या बाल्कनीत टांगणार. मैत्रिणीने विचारलं, मी बघायला येऊ का? मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी या वेळी आधी मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवल्यावर हो म्हटलं.

घरी परतताना ती माझा हात धरून चालत होती, दुसऱ्या हातात इगेल.

"आई, तुला मी मिरवणुकीत दिसले?"

"नाही ग. किती शोधलं. सगळ्या सारख्याच. तुला ओळखताच येईना."

"गेनाऊ," ती म्हणाली आणि ब्रेझेलचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.