मिठाच्या पाण्यातलं अंडं

कामठ्याजवळ माझी मोटारसायकल पंक्चर झाली आणि मी एका अंगणाच्या सावलीत थांबलो. तिथं एक वयस्क बाई धानाचं बियाणं निवडण्यासाठी बादलीत मिठाचं पाणी करत होती. तळाशी कोंबडीचं अंडं होतं. ती मूठभर मीठ सोडायची, कोपरापर्यंत हात घालून ढवळायची आणि पाणी निवळेपर्यंत डोळे मिटून बसायची. शेवटी अंडं झोपेतून उठावं तसं हळूच वर आलं. आता या पाण्यात पोचट दाणे तरंगणार होते आणि भरलेले बुडणार होते.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, हे तिनं आधीच काढून घेतलं होतं.

"मीठ तं दिसून नाही राह्यलं जी," ती म्हणाली. "मंग अंडा कायले वर येते?"

वर्गात हे सांगताना माझा आवाज खडूसारखा कोरडा असतो. तिथं मात्र तो हळू निघाला. मी म्हणालो, मिठाचे धन आणि ऋण कण पाण्यात सुटे होतात, पण त्यांची एकमेकांची ओढ सुटत नाही. भोवतालचं पाणीही ते आपल्याकडे आवळून घेतात. त्यानं तेवढ्याच जागेत वजन वाढतं, पाणी अंड्यापेक्षा जड होतं आणि अंडं वर येतं.

तिनं पुन्हा हात पाण्यात घातला. ती आत बोटं हलवत राहिली.

"माह्या दोन पोरी दोन गावाले देल्या," ती म्हणाली. "धानाच्या रोवण्याले येतेत. बलवावं नाही लागत."

घरात दुसऱ्या कोणाची चाहूल नव्हती. बादलीत मीठही दिसत नव्हतं. अंडं मात्र वर तरंगत होतं.